व्रतस्थ नगरीत नोकरीचा शोध

वर्षप्रतिपदेच्या दिवशी दारी गुढी उभी राहते, कडुनिंबाचा कोवळा पाला मुखात जातो, पंचांगातील संवत्सरफल वाचले जाते आणि घरातील वडीलधारी मंडळी नव्या वर्षाचा संकल्प करतात. आरोग्य, धनधान्य, मुलांची विद्या, मुलींची लग्ने हे या संकल्पाचे पिढ्यानपिढ्यांचे विषय. गेल्या चार-पाच दशकांत त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. समुद्रापलीकडे कामाच्या शोधात गेलेल्या मुलाला बरी नोकरी लागावी, ही प्रार्थना आज असंख्य देवघरांतून होत असते. सणाच्या पानावर हा विषय कसा, असे कोणास वाटेल. परंतु ज्या घरातील मुलगा बेकार आहे त्या घरच्या गुढीवरही काळजीची छाया असते, आणि ती छाया दूर कशी होईल याचा विचार सणाच्या दिवशी करणे अप्रस्तुत नव्हे.

२०२४ सालच्या फाल्गुनातील गोष्ट. देवळातले कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पांगली. पण एक माउली ओवरीत तशीच उभी होती. जवळ येऊन म्हणाली, "बुवा, एक विचारायचं होतं. आमचा धाकटा दुबईला गेलाय, नोकरी शोधायला. साठ दिवसांचा व्हिसा आहे. दहा दिवस तर गेलेच. आता म्हणे त्यांचा रमजान लागला. एजंट सांगतो, महिनाभर काही हलणार नाही. ईदनंतरची जागा धरून ठेवायची तर आणखी पन्नास हजार पाठवा. माझ्या पाटल्या आधीच गहाण पडल्यात. मुलाला परत बोलवू की पैसे पाठवू?"

प्रश्न साधा होता आणि त्यामागे एका कुटुंबाची सारी पुंजी होती. त्या बाईंना त्या रात्री जे उत्तर दिले, तेच येथे थोड्या विस्ताराने मांडावयाचे आहे. कारण तोच प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या घरात विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा अज्ञानातून किंवा लोभी माणसाच्या मुखातून मिळते.

आम्ही त्या बाईंना विचारले, "चातुर्मासात आपल्याकडे लग्ने होतात का?" त्या म्हणाल्या, "नाही." "मग चातुर्मासात स्थळे पाहणे थांबते का?" बाई क्षणभर थांबल्या आणि हसल्या. स्थळे पाहणे थांबत नाही, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पत्रिका जुळवल्या जातात, पाहण्याचे कार्यक्रम होतात, बोलणी एका टप्प्यापर्यंत येतात, आणि तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त धरले जातात. ज्या बापाने चातुर्मासभर हातपाय हलवले नाहीत, त्याला कार्तिकात एकदम स्थळ कोठून मिळणार? रमजान आणि नोकरी यांचा संबंध पुष्कळसा असाच आहे. नेमणुकीची पत्रे त्या महिन्यात कमी निघत असतील. परंतु उमेदवार पाहण्याचे, पारखण्याचे आणि मनात नोंदवून ठेवण्याचे काम चालूच असते.

आता हा महिना आहे तरी कसा, हे समजून घेतले पाहिजे. रमजान हा हिजरी कालगणनेतील नववा महिना. ती कालगणना शुद्ध चांद्र आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते, आणि आपल्या पंचांगाप्रमाणे अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेण्याची पद्धत तेथे नाही. म्हणून रमजान दरवर्षी इंग्रजी तारखेने दहा-अकरा दिवस आधी येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, असा दोनदा रमजान लागेल. दोन्ही कालगणना चंद्रावरच चालत असल्याने आपला पाडवा आणि त्यांचा महिना अधूनमधून एकमेकांच्या दाराशी येतात. २०२३ साली २२ मार्चला पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी आखातात रमजान सुरू झाला. त्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण आला, त्यामुळे पुढचा पाडवा महिनाभर पुढे सरकला आणि २०२४ साली ९ एप्रिलला पाडवा, तर १० एप्रिलला तेथे ईद असा योग आला. २०२५ साली तर ३० मार्च या एकाच दिवशी येथे गुढ्या उभारल्या गेल्या आणि तेथे ईदची नमाज झाली. पंचांग जाणणाऱ्या घराला यात नवल वाटू नये. उलट आकाशातील एकाच चंद्राकडे पाहून दोन समाज आपापली व्रते कशी सांभाळतात, याचे कौतुक वाटावे.

व्रत म्हणून या उपवासाकडे पाहिले तर त्याची कठोरता आपल्या लोकांस चटकन उमगेल. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, आणि पाण्याचा थेंबही नाही. ज्यांनी निर्जला एकादशी केली आहे त्यांना एका दिवसाचा तो अनुभव आहे. येथे तो २९ किंवा ३० दिवस सलग घ्यावयाचा असतो. दुबईसारख्या ठिकाणी मार्च महिन्यात हा उपवास तेरा-चौदा तासांचा होतो, जूनमध्ये पंधरा तासांच्या आसपास जातो. पहाटेच्या भोजनास सहरी म्हणतात, सायंकाळी उपवास सोडण्यास इफ्तार. रात्री तरावीहची दीर्घ नमाज होते. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानले जातात आणि शेवटच्या दहा रात्री सर्वांत पवित्र समजल्या जातात. एवढे जाणून घेतले म्हणजे नोकरी शोधणाऱ्याने केव्हा पुढे व्हावे आणि केव्हा थांबावे, याचे अर्धे उत्तर आपोआप मिळते.

उरलेले अर्धे उत्तर तेथील कायद्यात आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कामगार कायद्यान्वये सामान्य कामाची मर्यादा दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास आहे, आणि रमजानात खासगी क्षेत्रातील कामाचे तास दिवसाला दोनने कमी होतात. ही सवलत उपवास करणाऱ्या व न करणाऱ्या सर्वांनाच असते. तेथील केंद्र सरकारची कार्यालये अलीकडच्या वर्षांत रमजानात सोमवार ते गुरुवार सकाळी नऊ ते दुपारी अडीच, आणि शुक्रवारी नऊ ते बारा अशी चालली आहेत. सौदी अरेबियात नियम थोडा निराळा आहे : तेथील कायद्यात सहा तासांची किंवा आठवड्यास ३६ तासांची मर्यादा मुस्लिम कामगारांसाठी सांगितली आहे. कतारमध्ये रमजानात आठवड्याचे ४८ तास ३६ वर येतात. म्हणजे "आखात" या एका शब्दाने सारे देश एकाच मापाने मोजणे चूक आहे. मुलगा कोणत्या देशात गेला आहे हे पाहून तेथला नियम समजून घ्यावा.

तास कमी झाले याचा अर्थ कामे संपली असा होत नाही. आमच्यासारख्या तीर्थक्षेत्री राहणाऱ्यांना हे अधिक सांगावयास नको. आषाढीच्या दिवसांत परका माणूस पंढरपुरी आला तर त्याला वाटावे की, सारे गाव भजनात रंगले आहे, येथे व्यवहार कसला? पण त्याच दिवसांत भक्तनिवासांत, खाणावळींत, फुलाप्रसादाच्या दुकानांत आणि बसस्थानकावर रात्रंदिवस माणसे राबत असतात, आणि नेहमीची माणसे पुरत नाहीत म्हणून बाहेरून हात बोलावले जातात. रमजानातही तसेच घडते. दिवसा शांत दिसणारे शहर सूर्यास्तानंतर जागे होते. उपाहारगृहे, खानपान पुरविणारे, किराणा व कपड्यांची दुकाने, मालवाहतूक आणि घरपोच सेवा यांची धावपळ ईदपर्यंत वाढतच जाते. बांधकाम, रुग्णालये, गोदामे, बंदरे यांना तर महिनाभर थांबणे परवडणारेच नाही. मंदावतात ती मुख्यतः कार्यालयांतील निर्णयांची चाके, कारण ज्यांच्या सह्या लागतात त्यांतील काही जण लवकर घरी जातात आणि अखेरच्या दिवसांत काही जण सुट्टीवर असतात.

मग नोकरी शोधणाऱ्याने काय करावे? आमच्या मते त्याने या महिन्याचे तीन भाग आपल्या कामासाठीही मानावेत. पहिल्या दहा दिवसांत अर्ज पाठवावेत. एकच बायोडेटा शंभर ठिकाणी फेकण्यापेक्षा दहा कंपन्यांची नीट माहिती काढून प्रत्येकीला साजेसा अर्ज करणे हिताचे. बायोडेटा दोन पानांच्या आत असावा. आपण आजवर कोणते काम केले, किती माणसांचे, किती मालाचे किंवा किती रकमेचे हिशेब सांभाळले, हे त्यात स्पष्ट असावे. आणि व्हिसा कोणत्या तारखेस संपतो, कामावर केव्हा रुजू होता येईल, हे लपवू नये. दुसऱ्या दहा दिवसांत प्रत्यक्ष भेटी आणि मुलाखती मिळविण्याचा प्रयत्न करावा. सकाळी दहा ते दुपारी एक हा वेळ सर्वांत चांगला. माणसे ताजीतवानी असतात आणि टेबलावरची कामे हातावेगळी करण्याच्या घाईत असतात. सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांत कोणासही फोन करू नये, भेटीस जाऊ नये. त्या वेळी जो तो घराच्या ओढीने निघालेला असतो, रस्ते वाहनांनी भरलेले असतात आणि दिवसभराचा उपवास शरीराला जाणवत असतो. दुकाने, हॉटेले यांची मुलाखत मात्र रात्री नऊ-दहालाही ठरू शकते. ती विचित्र मानू नये, वेळेवर जावे.

शेवटचे दहा दिवस पाठपुराव्याचा तगादा लावण्याचे नव्हेत. आपल्या घरी नवरात्राच्या अष्टमीला होमाची तयारी चालू असताना कोणी दारात येऊन "माझ्या अर्जाचे काय झाले?" असे विचारू लागला तर आपणांस काय वाटेल? त्या दिवसांत मुलाने आपली कागदपत्रे पुन्हा तपासावीत, जेथे भेटी झाल्या त्यांची नोंद करावी, मुलाखतीतील ज्या प्रश्नांना नीट उत्तर देता आले नाही त्यांचा अभ्यास करावा, आणि ईदच्या दिवशी ज्यांनी वेळ दिला त्यांना दोन ओळींची शुभेच्छा पाठवावी. त्या शुभेच्छेत नोकरीचा उल्लेख नसावा. कार्यालये उघडल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मग नम्रपणे विचारणा करावी.

मुलाखतीस जाताना पाळावयाचे काही शिष्टाचार आहेत. ते अवघड नाहीत. दुसऱ्याच्या देवघरात शिरताना आपण चपला बाहेर काढतो, त्याच जातीचे आहेत. समोर चहा-पाणी आले नाही तर तो अपमान समजू नये आणि आपणही पाणी मागू नये. रस्त्यात, वाहनात, कार्यालयात दिवसा खाणे-पिणे, धूम्रपान टाळावे. दुबईत उपाहारगृहांना दिवसा पडदे लावण्याची सक्ती २०२१ साली उठली, हे खरे. परंतु सर्वत्र तशी मोकळीक नाही. कुवेतमध्ये १९६८ च्या कायद्याने रमजानात दिवसा उघड्यावर खाणे-पिणे दंडनीय ठरवलेले आहे. आणि जेथे कायदा अडवीत नाही तेथे सौजन्याने स्वतःला अडवावे. "रमजान मुबारक" एवढे दोन शब्द मनापासून म्हणावेत. उपवास नसताना उपवास असल्याचे ढोंग मुळीच करू नये. कोणी विचारले तर "मी हिंदू आहे, आमच्याकडे एकादशीचा उपवास असतो" असे सरळ सांगावे. स्वतःचे व्रत जाणणाऱ्याविषयी दुसऱ्या व्रतस्थाच्या मनात आदरच उत्पन्न होतो, असा आमचा विश्वास आहे.

कोणी इफ्तारास बोलावले तर जावे की नाही, असाही प्रश्न आम्हांस विचारला जातो. जावे. उपवास खजूर आणि पाणी यांनी सोडण्याची तेथे परंपरा आहे; त्यांत आपल्या आचारास बाध येण्यासारखे काही नाही. "मी शाकाहारी आहे" असे आरंभीच नम्रपणे सांगितले म्हणजे यजमान फळे, डाळ, पोळी पुढे करतो आणि कोणाचेही मन दुखावत नाही. मात्र त्या पंगतीत खिशातून बायोडेटा काढू नये. ओळख व्हावी, आपण काय काम करतो हे बोलण्याच्या ओघात कळावे, इतकेच पुरे. रमजान हा दानधर्माचा महिना आहे. जकात देण्याकडे या दिवसांत विशेष लक्ष दिले जाते. पण नोकरी हे दान नव्हे. "पुण्याचा महिना आहे, माझ्यावर दया करा" अशा शब्दांनी काम मागणारा उमेदवार स्वतःची किंमत स्वतःच कमी करतो. आपण श्रम देणार आणि त्याचा मोबदला घेणार, या ताठ कण्यानेच बोलावे. उलट जेथे योग्य असेल तेथे त्याने हेही सुचवावे की, सहकारी उपवासात असतील तेव्हा दुपारच्या वेळेची अधिक जबाबदारी घेण्यास आपण तयार आहोत. ही तयारी दाखविणारा माणूस मालकाच्या ध्यानात राहतो.

या कामी आपल्याच मातीत एक मोठी मदत उपलब्ध आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. रत्नागिरी, चिपळूण, खेड, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूची मुसलमान कुटुंबे कित्येक दशके आखातात ये-जा करीत आली आहेत. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि तेथे कामांची रीघ लागली, तेव्हा कोकणातून पहिल्या लाटेत गेलेल्यांत ही माणसे होती. ती आपल्यासारखीच मराठी आणि कोकणी बोलतात. ज्या शेजाऱ्याच्या घरचा शिरखुर्मा लहानपणापासून आपल्या दारात आला, त्याचा भाऊ किंवा मेहुणा आज दुबईत, मस्कतात किंवा दम्माममध्ये असेल, तर मुलाला पाठविण्यापूर्वी त्याला चार गोष्टी विचारणे यात कमीपणा कसला? कोणती कंपनी पगार वेळेवर देते, कोणत्या भागात खोली स्वस्त मिळते, कोणत्या एजंटाच्या वाटेस जाऊ नये, हे त्याला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही.

अमिरातीत आज ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. अबू धाबीत १४ फेब्रुवारी २०२४ रोजी स्वामिनारायण संप्रदायाच्या भव्य मंदिराचे उद्घाटन झाले. दुबईतील जेबेल अली येथे २०२२ च्या दसऱ्यास नवे हिंदू मंदिर भाविकांसाठी उघडले. तेव्हा तेथे गेल्यावर मुलाचा धर्म बुडेल, ही जुनी भीती मनातून काढून टाकावी. त्याला भीती आहे ती निराळ्याच गोष्टीची, आणि ती येथे स्पष्ट सांगितली पाहिजे.

ती भीती म्हणजे फसवणुकीची. काळजीत पडलेल्या आईच्या पाटल्यांवर डोळा ठेवणारा माणूस रमजानचे निमित्त चांगले वापरतो. "महिनाभर काही होणार नाही" हे पहिले वाक्य. "ईदनंतरची जागा राखून ठेवतो" हे दुसरे. आणि "पैसे आजच पाठवा" हे तिसरे. पहिले वाक्य खोटे आहे, हे आपण पाहिले. दुसरे त्याहून खोटे. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. तो कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वसूल करण्यास मनाई आहे. आपल्या देशातही १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला शासनाकडे नोंदणी करावी लागते, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्कास ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा घातलेली आहे, तीही पावती देऊन. एजंट नोंदलेला आहे की नाही, हे शासनाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. जो पावती देत नाही, नोंदणी क्रमांक सांगत नाही आणि घाई करतो, त्याच्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भेटीच्या व्हिसावर नोकरी शोधता येते, मुलाखती देता येतात. परंतु त्या व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे. "रमजानपुरते काम कर, ईदनंतर कागद करू" असे कोणी म्हटले तर ते पैशाच्या मोहाने स्वीकारू नये. अशा कामाचा पगार बुडाला तर दाद मागणे अवघड, आणि पकडले गेल्यास दंड व हद्दपारी ओढवते. दुसरे असे की, पासपोर्ट हा ज्याचा त्याच्याजवळच राहिला पाहिजे. तो "सुरक्षिततेसाठी" मागणाऱ्याच्या हाती सोपवू नये. शिक्षणाची प्रमाणपत्रे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास यांच्याकडून साक्षांकित करून घेण्याचे काम मुलगा निघण्यापूर्वीच पुरे करावे. रमजानात मालकाने होकार दिला आणि पदवीचा कागद मात्र साक्षांकनावाचून गावी पेटीत पडला आहे, अशी वेळ येऊ देऊ नये.

घरच्या मंडळींनाही एक विनंती आहे. दूर गेलेल्या मुलास रोज सायंकाळी फोन करून "काही झालं का?" असे विचारू नये. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते तर त्यानेच आधी सांगितले असते. प्रत्येक "नाही" उच्चारताना त्याचा धीर थोडा थोडा खचतो, आणि धीर खचलेला तरुण पहिल्या मिळेल त्या वाईट कागदावर सही करतो. त्यास विचारावे ते जेवणाविषयी, प्रकृतीविषयी. दिवस मोजावेत ते आपण घरी, पंचांगात खूण करून. आणि व्हिसाचा अखेरचा आठवडा येईल तेव्हा परत यावयाचे तिकीट काढण्याइतके पैसे वेगळे काढून ठेवलेले असावेत. काम न मिळता परत येणे यात लाज नाही. कर्ज वाढवून, मुदत उलटून तेथे लपून राहणे यात मात्र सर्वनाश आहे.

त्या माउलीचे पुढे काय झाले, हे सांगून हा विषय पुरा करू. तिने पन्नास हजार पाठविले नाहीत. मुलाला परतही बोलावले नाही. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर, गावातील एका घाऊक व्यापाऱ्याकडे चार वर्षे हिशेब लिहिलेला. त्याने एजंटाचा नाद सोडला आणि रमजानाच्या दुसऱ्या दहा दिवसांत तीन ठिकाणी भेटी मिळविल्या. दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, एका गोदामाच्या कार्यालयात, अर्ध्या तासाची मुलाखत झाली आणि "ईदनंतर कळवू" असे सांगण्यात आले. ९ एप्रिलला येथे पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी तेथे ईद. सुट्ट्या संपून सोमवारी, १५ एप्रिलला कार्यालये उघडली आणि मंगळवारी, १६ तारखेस अमिरातीत पंचाहत्तर वर्षांतील सर्वाधिक पाऊस कोसळला. रस्ते बुडाले, विमाने अडकली, कार्यालये पुन्हा ठप्प झाली. जे "ईदनंतर पाहू" म्हणून महिनाभर स्वस्थ बसले होते त्यांचा तो आठवडाही पाण्यात गेला. या मुलाचा व्हिसा एप्रिलअखेर संपणार होता. शेवटच्या आठवड्यात त्या गोदामातून फोन आला : पावसाने अस्ताव्यस्त झालेल्या मालाची मोजदाद करावयाची आहे, माणूस हवा आहे, आणि मुलाखत झालेल्यांत याचे नाव कागदावर आहे. पगार त्याने मनात धरला होता त्याहून कमी होता. नेमणुकीचे पत्र आणि व्हिसाचे कागद मात्र रीतसर होते, आणि ते हाती पडेपर्यंत त्याने तेथे कामास हात लावला नाही. वर्षभरात आईच्या पाटल्या सुटल्या.

प्रत्येकाच्या वाट्यास असे येईलच, असे आम्ही म्हणत नाही. त्या दोन नकारांच्या जागी तिसराही नकार येऊ शकला असता आणि मुलगा रिकाम्या हाताने परतला असता. परंतु तरीही तो वाढलेल्या कर्जाविना आणि डागाविना परतला असता, आणि दुबईतील तीन कार्यालयांचा अनुभव त्याच्या गाठीशी राहिला असता.

कडुनिंबाचा पाला खाताना आपण लहान मुलांना सांगतो की, वर्षात गोड येईल तसे कडूही येईल, दोन्ही पचविण्याची तयारी असावी. दूरदेशी कामाच्या शोधात असलेल्या मुलास यंदा पाडव्याचा निरोप पाठवाल तेव्हा त्यात एवढे लिहा : तुझ्या भोवतीच्या लोकांचे व्रत असेल तेव्हा त्याचा मान राख, स्वतःचे सोडू नकोस, सकाळची वेळ दवडू नकोस, आणि कोणाला पैसे द्यावयाचे झाल्यास आधी घरी विचार. गुढी उतरविताना त्याच्या नावाची एक साखरेची गाठी बाजूला काढून ठेवा. तो घरी येईल तेव्हा त्याच्या हातावर ठेवता येईल.